व्हायरल दंतकथेवर विकिपीडिया लेख लिहावा का?

एखादी गोष्ट किती मोबाइलमध्ये फिरली, याच्याशी विकिपीडियाला देणंघेणं नाही. तिच्याविषयी कुणा त्रयस्थाने सविस्तर लिहिलंय का, एवढंच तिथे विचारतात. लिहिलेलं नसेल तर लेखात उरतात फक्त तुमचे तर्क, आणि उल्लेखनीयतेच्या, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाच्या लायकीचा आहे का याच्या, चर्चेत तो पहिल्या फेरीतच उडतो.

आधी शोध घ्या. कथेतलं एखादं चमत्कारिक वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाका. नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलून पाहा, कारण फॉरवर्डमधलं शुद्धलेखन रामभरोसे असतं. वजाचं चिन्ह लावून 'विकिपीडिया' हा शब्द वगळा. नाहीतर तिथूनच उचललेला मजकूर पुरावा म्हणून तुमच्याच हाती येतो.

मग चाळणी. पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी दहा दैनिकांत आली असेल, तर तो संदर्भ एकच. 'नेटकरी थक्क' छापाच्या चार ओळी, चाहत्यांची विकी आणि यूट्यूब यांना इथे शून्य गुण. नियमात ठरावीक आकडा नाही, पण खास त्या दंतकथेवर प्रत्येकी तीन-चार परिच्छेद खर्च केलेले, एकमेकांवर न बेतलेले तीन संदर्भ जमले तरच पुढे जा. सगळे एकाच आठवड्यातले असतील, तर काही महिने थांबा.

स्लेंडरमॅन हे इंटरनेटवर जन्मलेलं काल्पनिक भूत ही परीक्षा सहज पास होतं. एरिक नुडसनने १० जून २००९ रोजी 'समथिंग ऑफुल' या संकेतस्थळावर तो टाकला, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये त्याच्यापायी झालेल्या चाकूहल्ल्यानंतर तो बातम्यांत आला आणि २०१८ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे त्यावरचे लेख पुस्तकरूपात काढले. दखल एका घटनेपुरती राहिली नाही, हे महत्त्वाचं.

आता आपल्याकडची २०१६ची 'नॅनो जीपीएस चिप' घ्या. दोन हजारांच्या नोटेतली ही चिप जमिनीखाली १२० मीटरवरूनही उपग्रहाला दिसते म्हणे! अफवा खोडणाऱ्या बातम्या पुष्कळ, पण बहुतेक नोटाबंदीच्याच दिवसांतल्या आणि सगळ्यांत तोच खुलासा. त्यातून स्वतंत्र लेख ओढूनताणूनच होईल. त्या नोटेच्या लेखात चार वाक्यांचा विभाग पुरतो. 'लेख की काहीच नाही' असा हट्ट धरणारे ही मधली वाट विसरतात.

लिहायचं ठरलंच तर आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहा. खोटी गोष्ट खोटी आहे हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. कथेतलं साल आणि कथा पसरू लागली ते साल वेगळं ठेवा: पॉलिबियस हा गूढ व्हिडिओ गेम १९८१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये होता म्हणतात, पण त्या काळातला एकही लेखी पुरावा सापडलेला नाही. मूळ पोस्ट वेबॅक मशीन या वेबपानं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर लगेच जतन करा. तारखेसाठी ती उपयोगी पडते, उल्लेखनीयतेसाठी मोजत नाहीत.