पाहुण्यांना ग्वाल्हेरचा किल्ला कसा दाखवायचा (आणि गाडीने वर का न्यायचं नाही)

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आपल्या मराठी घरांमध्ये हे ठरलेलंच आहे, थंडी पडली, मेळा लागला की पुण्याकडचे पाहुणे येणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता विचारणार की मग आज किल्ला ना? आणि किल्ला दाखवायची जबाबदारी ज्याला सुट्टी आहे त्याच्यावर, म्हणजे आमच्या घरात माझ्यावर. मी बरीच वर्षं चुकीचा दाखवला हे आधीच कबूल करतो. उरवाई गेटने गाडी थेट वर, मानमंदिर राजवाड्यासमोर उतरायचं, एक गाइड धरायचा, फोटो, मग सास-बहूची देवळं, तेली मंदिर, आणि दीड तासात खाली. मागे एकदा मावसबहीण आणि भावोजी आले होते, भर बारा वाजता वर पोचलो, डोक्यावर ऊन, गाइड भराभर नावं फेकतोय, आणि खाली येताना भावोजी म्हणाले, "छान आहे हो, पण एवढं सगळं शिंद्यांनी बांधलं म्हणजे कमालच." मी गाडी चालवत होतो म्हणून काही बोललो नाही. पण चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी त्यांना इतिहासाच्या मधल्याच पानावर नेऊन सोडलं होतं.

तर आता मी काय करतो ते लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी नाही. हजीऱ्याच्या बाजूला, जुन्या ग्वाल्हेरकडून, जो ग्वाल्हेर दरवाजा आहे ना, ज्याला आलमगिरी दरवाजा पण म्हणतात, तिथून पायी चढायचं. ऑटोवाल्याला "किला गेट" म्हणा, त्याला कळतं. सकाळी लवकर, बाटलीभर पाणी, आणि मोबाइल चार्ज असू द्या, टॉर्च लागणार आहे. चढ दमवणारा आहे पण सिंहगड चढणाऱ्यांना काय त्याचं, रमतगमत गेलात तरी पाऊण तासाच्या वर लागत नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना मात्र कोणीतरी उरवाईने गाडीतून वर आणा, उगाच हट्ट नको.

दुसरी गोष्ट म्हणजे एक खेळ, तो खालीच समजावून सांगायचा. वर जी जी गोष्ट ऐकाल तिला विचारायचं, हे दगडात लिहिलंय की नुसतं सांगतात? मुलांना हा खेळ फार आवडतो आणि गाइडला अजिबात आवडत नाही. सुरुवात गावाच्या नावापासूनच करा. सूरजसेन नावाच्या राजाला कुष्ठरोग होता, ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला कुंडातलं पाणी पाजलं, रोग गेला, म्हणून राजाने किल्ला बांधला आणि साधूचं नाव दिलं. गोड गोष्ट आहे, सूरजकुंड वर आहेही, पण ही सांगण्यातली गोष्ट. लिहिलेलं काय, तर सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या वर्षाचा शिलालेख, की मातृचेट नावाच्या माणसाने या डोंगरावर सूर्याचं देऊळ बांधलं. म्हणजे शिंद्यांच्या आधी बाराशे वर्षं इथे काहीतरी चालू होतं, हे भावोजींना खालच्या पायरीवरच कळतं.

दरवाजाच्या आत लगेच गुजरी महाल आहे, इथला राजा मानसिंह तोमर याने राणी मृगनयनीसाठी बांधलेला. लग्नाआधी तिने अट घातली होती की माझ्या राई गावचं पाणी महालात आलं पाहिजे, असं सांगतात. आता तिथे म्युझियम आहे आणि ग्यारसपूरची ती प्रसिद्ध शालभंजिकेची दगडी मूर्ती तिथेच आहे. सकाळी लवकर ते उघडलेलं नसतं आणि सोमवारी बंद, म्हणून बाहेरून बघून पुढे चला, मन झालं तर नंतर परत या.

आता या रस्त्याचा खरा खजिना, ज्याच्यासाठी पायी यायचं. गणेश दरवाजा ओलांडून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना कड्याच्या बाजूला एक छोटंसं देऊळ लागतं, डोंगराच्या अखंड दगडातच कोरलेलं. चतुर्भुज मंदिर. इतकं लहान की गाडीने वर गेलेल्याला ते असल्याचा पत्ताच लागत नाही आणि पायी जाणारेही अर्धे तसेच पुढे जातात. कुलूप असेल तर जवळ रखवालदार असतो का बघा, नीट विनंती केली तर उघडतात. आत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ म्हणजे इसवी सन ८७६ चा, प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळातला. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरकी धरा म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि एकदम वाचायला सोपं जातं. त्यात लिहिलंय की देवळासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली, आणि देवाला रोज फुलांच्या ५० माळा. बस एवढंच, बागेचा हिशोब. पण त्या २७० आणि ५० मधलं शून्य बघा! बाकी आकड्यांपेक्षा बारीक, एक छोटंसं गोल. आणि गंमत अशी की आपण देवनागरी आकडे वाचणारी माणसं, आपल्याला तो २७० जवळजवळ सरळ वाचता येतो. भाचा आठवीत होता तेव्हा त्याला काही न सांगता टॉर्च धरून दिली आणि म्हटलं शोध, पाच मिनिटांत ओरडला, "मामा, दोनशे सत्तर!" अकराशे वर्षांपूर्वीचा आकडा, मराठी शाळेतल्या पोराने वाचला, यापुढे मानमंदिर काय आणि शिंद्यांचा जयविलास महाल काय.

मात्र इथे फेकायचं नाही. "जगातलं पहिलं शून्य" असं सगळे सांगतात, बोर्डावर, रीलमध्ये, सगळीकडे. तसं नाहीये. कंबोडियात ६८३ सालचा एक शिलालेख आहे, त्यात शून्यासाठी टिंब आहे, म्हणजे आपल्यापेक्षा दोनशे वर्षं जुना. आपलं शून्य हे भारतात दगडावर तारखेसकट सापडलेल्या सगळ्यात जुन्या गोल शून्यांपैकी आहे, इतकं म्हणा, तेवढ्यानेही पाहुणे गार होतात. मला तर त्या शून्यापेक्षा माळांचं कौतुक वाटतं. कोणी गणिताचा शोध लावायला बसलं नव्हतं, फुलवाल्याचा हिशोब लिहायला बसले होते, म्हणजे शून्य तेव्हा अगदी रोजच्या वापरात आलेलं होतं.

पुढे हत्ती पोळ दरवाजा. इथे पूर्वी दगडाचा मोठा हत्ती होता, बाबर १५२८ मध्ये आला तेव्हा त्याने तो पाहिला आणि लिहूनही ठेवलं. आत शिरायच्या आधी मानमंदिराची भिंत बाहेरून बघून घ्या, हे पण गाडीवाल्यांचं नुकसान, कारण तिची खरी शोभा कड्याच्या बाजूने आहे. मानसिंह तोमर, १४८६ ते १५१६. निळ्या टाइल्स, पिवळी बदकं एका ओळीत चाललेली, हत्ती, मगरी, केळीची झाडं. मुलांना सांगा बदकं मोजा, तेवढा वेळ तुम्ही दम घ्या. बाबराने वाड्याची तारीफ केली पण खोल्या अंधाऱ्या आहेत म्हणून नाक पण मुरडलं, आणि तळघरात उतरल्यावर वाटतं की त्याचं अगदीच चूक नव्हतं.

तळघराचे दोन मजले आहेत, वटवाघळांचा वास येतो, जिने अरुंद, जपून. मूळचे हे उन्हाळ्यात थंड राहण्यासाठीचे मजले, नंतर मोगलांनी किल्ल्याचा तुरुंग केला, तोही साधासुधा नाही, राजघराण्यातल्या लोकांसाठीचा. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला इथेच ठेवला आणि १६६१ मध्ये मारला. थोरला भाऊ दारा शुकोह, त्याचा मुलगा सुलेमान शुकोह पण इथेच गेला, त्याला अफूचं पाणी पाजून पाजून संपवला. गाइड इथे छताची एक कडी दाखवून सांगेल की याच कडीला मुरादला लटकवलं. मुराद या किल्ल्यावर मारला गेला हे खरं, पण "हीच कडी" कुठे लिहिलीये तेवढं विचारा आणि त्याचा चेहरा बघा. गाण्याची आवड असणारं कोणी सोबत असेल तर वरच्या चौकात दोन मिनिटं बसवा, या मानसिंहाने ध्रुपदाला आश्रय दिला आणि तानसेनाची कबर खाली हजीऱ्यालाच आहे. आणि पुढे कितीतरी वर्षांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांनाही इथलं थोडं देणं लागतंच, हे मी हसत हसत ऐकवतो.

जोहर कुंड जवळच आहे, १२३२ मध्ये अल्तमशने किल्ला घेतला तेव्हा बायकांनी जोहर केला तो तिथे. तिथे मी फार बोलत नाही.

सास-बहूला घरच्या सासू-सुना फोटो काढतात, काढू द्या, पण नाव सहस्रबाहूचं बिघडून झालंय, ते विष्णूचं देऊळ आहे आणि कच्छपघात राजा महिपालाचा १०९३ सालचा लेख तिथे आहे. सासू विष्णूची भक्त, सून शंकराची, म्हणून दोन देवळं, ही गोष्ट खेळात लगेच आउट होते. तेली मंदिर त्याहून जुनं, जवळजवळ शंभर फूट उंच, शिखर बघितलं की दक्षिणेतलं गोपुर आठवतं. आणि सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी त्याच्या आवारात काय केलं असेल? सोडावॉटरचा कारखाना! हे ऐकून आमच्या मावशी इतक्या चिडल्या की जणू काल झालंय.

एव्हाना भूक लागलेली असते. दाता बंदी छोड गुरुद्वारात जा, डोक्यावर रुमाल बांधा, लंगरमध्ये बसा. जहांगीरने गुरू हरगोविंदांना इथे कैदेत ठेवलं होतं, सुटताना एकटे सुटणार नाही म्हणाले आणि सोबत ५२ राजांना सोडवून नेलं, त्यांच्या झग्याचे सोगे धरून सगळे बाहेर पडले अशी शीख परंपरा. दिवाळीला ते लोक बंदी छोड दिवस पाळतात तो यासाठीच. त्या तळघरात जाऊन आल्यावर ही गोष्ट ऐकली की वेगळीच लागते, म्हणून गुरुद्वारा नेहमी नंतर.

उतरताना उरवाईने उतरा, पायी. दोन्हीकडच्या कड्यांत जैन तीर्थंकर कोरलेत, तोमरांच्याच काळात, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंहाच्या राज्यात, सगळ्यात मोठी मूर्ती ५७ फुटांची. बाबराने या मूर्ती फोडायचा हुकूम दिला हे त्याने स्वतःच लिहिलंय, म्हणजे आपल्या खेळात हे पक्कं. चेहऱ्यांकडे नीट बघा, काहींचे चेहरे नंतर दुरुस्त करून बसवलेले आहेत, अंग आणि तोंड जुळत नाही.

आता शेवटी शिंदे, कारण भावोजी विचारणारच. मराठ्यांनी अठराव्या शतकात किल्ला घेतला, पण हातात टिकत नव्हता. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमचे शिपाई रात्री शिड्या लावून चढले, आवाज होऊ नये, पाय घसरू नये म्हणून गवताच्या विणलेल्या जोड्यांत कापूस भरून. (कड्याच्या काठावर उभं राहून हे सांगा, मग कळतं काय चीज आहे.) महादजींनी १७८३ ला परत घेतला. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी उज्जैनहून इथे आणली, त्यांच्या फौजेचा तळ पडला ते आपलं लश्कर. १८४३ च्या लढाया हरल्यावर किल्ल्यावर पुन्हा इंग्रजांचा वरचष्मा आला. म्हणजे पाहुणे ज्याला शिंद्यांचा किल्ला म्हणतात तो शिंद्यांना सारखा सोडवून घ्यावा लागला.

आणि मग तो प्रश्न येतोच, जरा आवाज खाली करून, "झाशीच्या राणीला तुमच्या महाराजांनी..." इथे भांडू नका आणि घाबरूही नका, तारखा सांगा. १ जून १८५८, तात्या टोपे, राणी आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरला आले, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला गेले, आणि त्यांची स्वतःची फौज बहुतेक राणीच्या बाजूला मिळाली. जूनच्या मध्यात कोटा की सरायजवळ राणी पडली, २० जूनला इंग्रजांनी किल्ला परत घेतला आणि मग १८८६ पर्यंत सोडलाच नाही. सोडला तो कशाच्या बदल्यात, तर झाशीच्या. शिंद्यांनी तेव्हा त्यांच्याकडे असलेलं झाशी शहर इंग्रजांना दिलं आणि हा किल्ला परत घेतला. हे मी ऑटोत बसल्यावर सांगतो आणि ऑटोवाल्याला म्हणतो, फूलबाग घे. राणीच्या समाधीपाशी उतरलो की मागे वळून बघायचं, किल्ला तिथून दिसतो. यंदा ताई तिथे बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने चपला काढल्या आणि भावोजींना म्हणाली, "तुम्ही पण काढा."