चित्रपटाचे परीक्षण व्हिडिओवर करायचे असेल तर

चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलले जाते तेच कॅमेऱ्यासमोर बोलले म्हणजे परीक्षण झाले, अशी समजूत यूट्यूबवरील पुष्कळ नव्या चॅनेलांमागे दिसते. टपरीवर समोरच्यानेही तोच चित्रपट पाहिलेला असतो, त्यामुळे ‘मध्यंतरानंतर पार झोपलाय’ एवढे म्हटले तरी भागते. व्हिडिओ पाहणाऱ्याने मात्र तो बहुधा पाहिलेला नसतो, आणि कोणत्या प्रसंगापासून व कशामुळे कथा सैल पडली हे सांगितल्याखेरीज त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणून नोकरी किंवा शिक्षण सांभाळून नाशिकमध्ये हा छंद जोपासू इच्छिणाऱ्यांनी कोणतीही खरेदी करण्याआधी मताला पुरावा जोडण्याची सवय लावून घ्यावी.

सरावासाठी ‘कालिया मर्दन’ घ्यावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा हा मूकपट नाशिकच्याच हिंदुस्थान कंपनीचा आहे आणि त्याचा बराचसा भाग आजही इंटरनेटवर पाहता येतो. (पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात सहलीला गेलेल्यांपैकी किती जणांनी फाळक्यांचा एक तरी चित्रपट पाहिला आहे, हे विचारू नये हेच बरे.) आरंभी फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी दिसते. कृष्णाच्या वेशात येण्याआधी तिचा नुसता चेहरा जवळून दाखवलेला आहे आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. हा तुकडा एकदा केवळ तिच्या डोळ्यांकडे व ओठांकडे लक्ष देऊन पाहावा आणि पुन्हा पाहताना कॅमेरा किती वेळ जागचा हलत नाही, गोष्ट सुरू होण्यापूर्वीच दिग्दर्शकाने हे का दाखवले असेल, याचा विचार करावा. मग ‘अभिनय’ आणि ‘छान’ हे दोन्ही शब्द टाळून त्यावर दहा ओळी लिहाव्यात. त्या जमल्या, तर या शुक्रवारी लागणाऱ्या चित्रपटावरही बोलता येईल.

चित्रपटगृहात छोटी वही आणि पेन न्यावे व अंधारात चार-चार शब्दांच्या नोंदी कराव्यात. फोन खिशातच राहू द्यावा, कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात पडद्यावरील चित्रपटाचे परवानगीवाचून चित्रण करणे हा किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. मराठी चित्रपट आधी पाहावा, असे माझे मत आहे. त्याला पुष्कळदा दुपारचे अडनिडे खेळ मिळतात आणि दुसऱ्या आठवड्यात तो टिकेलच याची खात्री नसते, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच आलेल्या परीक्षणाचा नाशिककर प्रेक्षकाला खरा उपयोग होतो. हिंदीतल्या मोठ्या चित्रपटांवर बोलणारे शेकडो आहेत.

घरी आल्यावर संहिता लिहून काढावी. सावकाश बोलल्यास मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांसाठी सहाशेच्या आसपास शब्द पुरतात. त्यात कथा पाच-सहा वाक्यांत आटोपावी आणि मध्यंतरापुढचे रहस्य सांगायचेच असेल तर तशी सूचना आधी द्यावी. उरलेला वेळ दोन किंवा तीनच प्रसंगांना द्यावा. पटकथा, संगीत, छायाचित्रण, संकलन अशी हजेरी घेत प्रत्येकाला एकेक विशेषण वाटणारे परीक्षण कुणाच्याच लक्षात राहत नाही.

चित्र थोडे धूसर असले तरी लोक पाहतात, पण आवाज घुमत असेल तर अर्ध्या मिनिटात निघून जातात. त्यामुळे पहिला खर्च काही शे रुपयांच्या कॉलर माइकवर करावा. पंखा बंद करावा आणि कपड्यांचे उघडे कपाट किंवा उभी केलेली गादी कॅमेऱ्यामागे येईल अशी जागा निवडावी, म्हणजे भिंतींवरून परतणारा आवाज दबतो. रविवार कारंजा किंवा पंचवटीत रस्त्यालगत राहणाऱ्यांनी रहदारी आणि देवळांतल्या घंटा लक्षात घेऊन रात्री उशिराची वेळ साधावी. मात्र प्रकाश खिडकीचा हवा असेल तर सकाळ गाठावी लागते, आणि तेव्हा खिडकी पाठीमागे न ठेवता समोर किंवा बाजूला ठेवावी.

चित्रपटातील दृश्ये वापरण्याबाबत नवोदितांचा गोंधळ होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देते, परंतु त्यात किती सेकंद चालतील असा आकडा दिलेला नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तर कायद्याचा असा बारकावा न पाहता केवळ जुळणारे चित्र वा आवाज शोधते आणि हक्कधारकाच्या वतीने व्हिडिओवर दावा लावते. अशा दाव्यामुळे सहसा व्हिडिओचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओ अडवला जातो. कॉपीराइट स्ट्राइक (हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून टाकून दिलेली ताकीद) त्याहून गंभीर असून नव्वद दिवसांत तीन झाल्यास चॅनेल बंद होऊ शकते. म्हणून ज्या मुद्द्यावर बोलणे चालू आहे तेवढाच छोटा तुकडा, शक्यतो अधिकृत ट्रेलरमधला, मूळ संगीत बंद करून आणि त्यावर स्वतःचे बोलणे ठेवून वापरावा. भारतात चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, त्यामुळे फाळक्यांचे मूकपट मोकळे आहेत. पण इंटरनेटवरील प्रतींना कुणीतरी नंतर जोडलेल्या संगीतावर दावा येऊ शकतो, तेव्हा तो आवाज काढून टाकावा.

उत्पन्नाची घाई करू नये. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि मागील बारा महिन्यांत पाहण्याचे चार हजार तास अशी यूट्यूबची अट आहे (शॉर्ट्सची अट वेगळी), आणि केवळ परीक्षणांवर ती गाठायला बराच काळ लागतो. त्याआधीच एखाद्या निर्मात्याकडून फुकट तिकिटे किंवा पैसे देऊ करणारा फोन येण्याची शक्यता अधिक असते. असे फुकट तिकीट घेतले तर ते व्हिडिओच्या सुरुवातीलाच बोलून सांगावे, वर्णनाच्या तळाशी दडवू नये. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओला तर परीक्षण न म्हणता स्पष्टपणे जाहिरात म्हणावे आणि त्यात तारे देऊ नयेत.