इंग्लंडात उंदीर-सशांसाठी स्वस्तातली एअर रायफल घेताय? मग हे वाचा

बजेट कमी आहे आणि कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीचे उंदीर, करड्या खारी, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडचे ससे टिपायचेत, तर कुठली एअर रायफल घ्यावी, असं इकडची आपली मंडळी बऱ्याचदा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: नव्या कोऱ्या स्वस्त बंदुकीपेक्षा चांगल्या कंपनीची वापरलेली स्प्रिंगवाली घ्या आणि उरलेले पैसे स्कोप, छर्रे आणि सरावावर घाला.

आधी पॉवरचं खूळ डोक्यातून काढा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्टिफिकेटशिवाय जी एअर रायफल मिळते तिच्या छर्र्याच्या ऊर्जेची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६.३ ज्यूल. मग ती दीडशे पौंडाची असो की हजाराची, ताकद त्याच्या आतच, जास्त पैसे मोजून मिळतो तो नेम, बरा ट्रिगर आणि टिकाऊपणा. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअर रायफललाही सर्टिफिकेट लागतं, आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम त्याहून कडक आहेत, तेव्हा तिकडच्यांनी आधी कागद बघा मग बंदूक.

प्रकार तीन. गॅसच्या छोट्या नळकांड्यांवर म्हणजे सीओटूवर चालणाऱ्या विसरा, थंडीत प्रेशर पडतं आणि इकडे थंडी कधी नसते! पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवायची ती, चालवायला सगळ्यात सोपी, झटका जवळजवळ नाही, पण नुसती बंदूक घेऊन भागत नाही, वर हातपंप नाहीतर डायव्हिंगचा सिलिंडर हवा, आणि तो सिलिंडर वेळच्या वेळी टेस्ट करून घ्यायचा खर्च वेगळा. राहिली स्प्रिंगवाली, नळी सांध्यावर वाकवून कॉक करायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची), एक छर्रा घालायचा, मारायचा. बाकी काही लागत नाही. झटका विचित्र असतो, आधी मागे मग पुढे, त्यामुळे गच्च आवळून धरली तर नेम बिघडतो, पुढचा हात नुसता आधाराला ठेवायचा आणि बंदुकीला हवं तसं हलू द्यायचं.

कॅलिबरवरून लोक तासन्‌तास भांडतात. पॉइंट १७७ (नळीचा व्यास, इंचात) चा साडेआठ ग्रेन वजनाचा छर्रा सेकंदाला सुमारे ७८० फुटांनी जातो, पॉइंट २२ चा सोळा ग्रेनचा ५७० च्या आसपास, म्हणून १७७ चा मार्ग सरळ असतो आणि अंतराचा अंदाज पाच-सात यार्ड चुकला तरी फार बिघडत नाही. २२ चा छर्रा जड, धक्का जास्त देतो, बोटात धरायलाही सोपा. खुराड्याजवळ पंधरा यार्डावर उंदीर मारायचे असतील तर २२ मस्त, शेतावर अंतर कमीजास्त होणार असेल तर मी १७७ म्हणेन.

आता जुनी बघायला गेलात की घाई करू नका. वाइराऊख किंवा बीएसएची जुनी ब्रेक-बॅरल (तीच, नळी वाकवून कॉक करायची) दोनशे पौंडांच्या आसपास मिळू शकते, पण तपासून. नळी बंद असताना टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, खिळखिळी वाटली तर पिव्हट, म्हणजे नळीचा सांधा, सैल झालाय. मग नळी उघडून ब्रीचचं, म्हणजे छर्रा घालतो त्या टोकाचं, सील बघा, चिरलेलं नको. छर्रा उडवताना त्या सांध्यावर टिश्यूपेपरची बारीक पट्टी ठेवा, ती फडफडली तर हवा गळतेय (सील स्वस्तात मिळतं, पण भाव पाडायला मुद्दा झाला). मारल्यावर आत स्प्रिंग टणटण वाजत राहिली तर ती नीट बसलेली नाही किंवा झिजलीय, आणि दरवेळी धूर निघाला तर आत कुणीतरी तेल ओतलंय समजा. आणि विकणारा म्हणाला की "मी पॉवर वाढवून घेतलीय", तर तिथूनच परत फिरा, १२ च्या वर गेलेली बंदूक सर्टिफिकेटशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. डीलरकडून घेतली तर क्रोनोग्राफवर वेग मोजून दाखवायला सांगा, आणि हो, डीलरकडची खरेदी समोरासमोरच होते, थेट पोस्टाने घरी येत नाही. वय १८ पूर्ण हवं. छर्रा न घालता ट्रिगर दाबून बघू नका, पिस्टन आपटून स्प्रिंगची वाट लागते.

स्कोप घेताना एअर रायफलसाठी बनवलेलाच घ्या, स्प्रिंगचा तो दुहेरी झटका साध्या स्कोपला खिळखिळा करतो. मोठं मॅग्निफिकेशन नको, ४ पट किंवा ३ ते ९ पट पुरे. छर्रे मात्र दोन-चार ब्रँडचे आणा, एकाच बंदुकीला एक डबा आवडतो आणि दुसरा अजिबात नाही, का ते विचारू नका, असतंच तसं.

शिकारीचं अंतर बंदूक ठरवत नाही, तुमचा गट, म्हणजे छर्रे किती जवळ जवळ लागतात ते, ठरवतो. ज्या पोझिशनमध्ये प्रत्यक्ष मारणार, बसून म्हणा किंवा गुडघ्यावर, त्याच पोझिशनमध्ये कागदावर पाच छर्रे मारा, पाचही दोन पेन्सच्या नाण्याखाली झाकले गेले पाहिजेत. हे जिथपर्यंत जमतं तीच तुमची हद्द. नवशिक्याला स्प्रिंगवर ती वीस यार्ड असली तरी काही बिघडत नाही, ससा तेवढ्या जवळ येतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बेताने सरकायचं. नेम डोक्यावरच, डोळा आणि कान यांच्या मध्ये. अंगावर मारलेला ससा बिळात जाऊन तडफडतो.

काय मारता येतं? उंदीर, करडी खार, ससा, हे जमीनमालकाच्या परवानगीने, आणि परवानगी लेखी असली तर बरं. रानकबुतरं जनरल लायसन्सखालीच (सरकारने ठराविक अटींवर सगळ्यांना दिलेली परवानगी), पिकाचं गंभीर नुकसान वगैरे कारण हवं आणि आधी दुसरे उपाय करून बघितलेले हवेत, अटी बदलतात म्हणून सरकारी साइटवर चालू लायसन्स वाचा. छर्रा तुमच्या हद्दीबाहेर जाता कामा नये, मागे मातीचा बांध नाहीतर भिंत आहे ना बघा. नेताना रिकामी, बंद कव्हरमध्ये. घरात मुलं असतील तर कुलपात, त्यांच्या हाती लागू नये याची वाजवी काळजी घ्यायची असा कायदाच आहे.

भारतातून वाचणाऱ्यांनी हे तिकडे लावू नका. तिकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार २० ज्यूलच्या आतली पॉइंट १७७ बिनपरवाना मिळते खरी, पण ती टार्गेटसाठी. ससा, मोर, वानर, रानडुक्कर सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, आणि एअरगनने रानडुक्कर नुसतं जखमी होऊन अंगावर येईल.

मेलेला उंदीर हातमोज्यांशिवाय उचलू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. सशाचं पोट लगेच साफ करा, छर्रा लागलेला भाग कापून टाका, शिसं असतं त्यात. बाकीचा कांदा-लसूण मसाला लावून मंद आचेवर तास-दीड तास ठेवा, शेतातला ससा चिवट असतो, कुकरच्या दोन शिट्ट्यांत शिजत नाही.