कूलंट कमी होत होतं, पण खाली थेंब नव्हता

सेकंडहँड गाडी घेतल्यापासून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खाली जायची, पण पार्किंगमध्ये डाग नाही. हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलची) धास्ती होती; ते गेलं तर कूलंट ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये शिरतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता, तेव्हा जरा जीवात जीव आला. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना कूलंटचं झाकण कधीच उघडू नका, हात भाजतो!) मेकॅनिककडून प्रेशर टेस्टर लावून घेतला. झाकणावर लिहिलेल्या १.१ बारइतका दाब दिला, काटा हळूहळू उतरू लागला, म्हणजे कुठेतरी गळती होती. टॉर्च मारली तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी गुलाबी, वाळलेला थर. पंपाचं सील गेलं होतं. झिरपलेलं कूलंट गरम इंजिनवरच वाळून जायचं. नवा पंप, नवं गॅस्केट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, मग सिस्टीममधली हवा काढली. आता पातळी हलत नाही.