हॅलोविनला मक्याच्या शेतात जाताना

अमेरिकेत ऑक्टोबरअखेर हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी उभारलेलं भुताचं घर आणि मक्याच्या शेतातली भूलभुलैयाची वाट अनुभवायला जाणार असाल, तर आधी पायांकडे बघा. सँडल नकोच; चिखल असतो आणि अंधारात मक्याची खुंटं बोटांना लागतात. वाळलेल्या पात्यांच्या कडा हातावर चरे पाडतात, म्हणून पूर्ण बाह्यांचं जाकीट घाला. थंडीही असतेच. भुताच्या घरात भराभर लुकलुकणारे दिवे आणि कृत्रिम धूर असतो, त्यामुळे फिट येणाऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच चौकशी करावी. लहान मुलांना दिवसाच न्या. बऱ्याच शेतांवर तेव्हा भुतं नसतात. भूत अंगावर आलं तरी हात उगारू नका, मुखवट्याआड बहुधा हंगामी कामावरचं एखादं पोरच असतं. वाट चुकलात तर मका तुडवत आडवं घुसू नका, कर्मचाऱ्याला हाक मारा.