कोल्हापुरात बसून बायझंटाईन साम्राज्याचा इतिहास कसा अभ्यासावा

आपल्या शालेय इतिहासात या साम्राज्याच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, आशियाकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि युरोपीयांनी समुद्रमार्ग शोधायला सुरुवात केली. ज्याला या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याने हे वाक्य प्रथम बाजूला ठेवावे. पोर्तुगीजांनी १४१५ मध्येच उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउटा हे शहर घेतले होते व त्यानंतर ते आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकू लागले होते, आणि १४५३ नंतरही मिरी-मसाले अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला पोचतच होते. पण त्याहून मोठी अडचण अशी की, अकराशे वर्षे टिकलेल्या एका राज्याची ओळख आपल्याला फक्त त्याच्या शेवटच्या दिवसावरून होते.

आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसून हा इतिहास वाचू लागलो तेव्हा सम्राटांच्या यादीपासून सुरुवात केली होती. कॉन्स्टंटाईन याच नावाचे अकरा सम्राट असलेल्या त्या यादीने तिसऱ्या रविवारीच सर्वांचा गोंधळ उडवला. त्यानंतर आम्ही नकाशा आणि नाणे या दोन गोष्टी हाती घेतल्या आणि तेव्हापासून वाचन मार्गी लागले. नवख्या वाचकाने तीच वाट धरावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

त्याआधी नावाचा खुलासा करून घ्यावा. ‘बायझंटाईन’ हे नाव सोळाव्या शतकापासून युरोपीय विद्वानांनी रूढ केले. तिथले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमन म्हणवत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने ११ मे ३३० रोजी बॉस्फरसच्या काठावरील बायझँटिऑन या जुन्या ग्रीक वसाहतीच्या जागी नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली. पुढे पश्चिमेकडचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला, तरी पूर्वेकडे कायदा रोमन, व्यवहाराची भाषा ग्रीक आणि धर्म ख्रिस्ती असलेले राज्य अखंड चालू राहिले. बाराव्या शतकाच्या वर्णनात ‘रोमन सैन्य’ असा उल्लेख आला की आपण चुकीचे पान उघडले, असे समजू नये.

आता नकाशा. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशाचा एक मोठा आराखडा टेबलावर चिकटवावा आणि त्यावर ट्रेसिंग पेपरचे सात तुकडे ठेवून ३९५, ५६५, ७२०, १०२५, ११४३, १२६५ आणि १४५० या वर्षांतील सरहद्दी वेगवेगळ्या कागदांवर काढाव्यात. आनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातील भाग, प्रत्येक कागदावर एकाच रंगाने भरावा. सातही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले की एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी नुसत्या वाचनात निसटते: हे राज्य एकाच उतारावरून घसरत गेलेले नाही. ते आकसते, फुगते, पुन्हा आकसते. आणि आनातोलियाचे पठार हातात आहे तोवर प्रत्येक आघातातून सावरते.

५६५ चा कागद सम्राट जस्टिनियनच्या मृत्यूच्या वर्षाचा आहे आणि सर्वांत भरलेला दिसतो. त्याच्या कारकिर्दीत सेनापती बेलिसारियसने ५३३ मध्ये कार्थेज घेतले, इटलीसाठी जवळजवळ वीस वर्षे युद्ध चालले, रोमन कायद्याचे संकलन झाले आणि अवघ्या पाच वर्षांत, ५३७ मध्ये, हागिया सोफिया उभी राहिली. तिचा घुमट ५५८ मध्ये कोसळला व तो अधिक उंच करून पुन्हा बांधावा लागला. या कागदाच्या कडेला ५४१-४२ च्या प्लेगची नोंद अवश्य करावी, कारण विस्ताराच्या ऐन भरात माणूसबळ आणि महसूल दोन्ही खचले होते.

७२० च्या कागदावर सर्वाधिक वेळ द्यावा. मधल्या दीडशे वर्षांत इराणच्या सासानी सैन्याने ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले आणि पुढे इजिप्तही घेतले. सम्राट हेराक्लियसने हे सगळे परत मिळवले. आणि पाठोपाठ ६३६ मध्ये यार्मूकच्या लढाईत अरबांनी त्याच्या सैन्याचा पराभव करून सीरिया व नंतर इजिप्त कायमचे नेले. इजिप्त गेले म्हणजे काय गेले, हे समजण्यासाठी आपल्याकडे पन्हाळ्यासारखी दुसरी जागा नाही. तटावरून चालून झाले की अंबरखान्यात जावे, गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्यकोठारे पाहावीत, मग अंधारबावीच्या पायऱ्या उतराव्यात. किल्ला तटावर लढतो, पण जगतो कोठारावर आणि पाण्यावर. कॉन्स्टँटिनोपलला खंदक, बाहेरचा तट आणि सुमारे बारा मीटर उंचीचा आतला तट अशी पाचव्या शतकात बांधलेली तिहेरी संरक्षक रांग होती. ३३६ खांबांचे भूमिगत जलाशय होते. पण धान्य नाईलच्या खोऱ्यातून येत असे. ६१८ मध्ये नागरिकांना मिळणारे मोफत धान्य बंद झाले आणि शहराची वस्ती ओसरू लागली. तरीही ७१७-१८ चा अरबांचा वेढा शहराने तट, पाण्यावरही जळणारा ‘ग्रीक अग्नी’ आणि बल्गारांची मदत यांच्या बळावर परतवला. राज्य जगले ते लहान होऊन. सैन्य आनातोलियाच्या प्रांतांत स्थायिक झाले आणि सैनिकांच्या निर्वाहाचा आधार हळूहळू जमीन बनली.

पुढे ७२६ पासून ८४३ पर्यंत, मध्ये खंड पडत, पवित्र प्रतिमांच्या पूजेवरून वाद चालला. त्याचा धार्मिक अर्थ मोठा आहे, परंतु पहिल्या वाचनात त्यात फार गुंतू नये.

आता नाणे. कॉन्स्टंटाईनने सुरू केलेले ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे एका रोमन पौंडात ७२ या हिशेबाने पाडले जाई, म्हणजे एक नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे. सहाव्या शतकातील व्यापारी-प्रवासी कोस्मास याने हे नाणे जगात सर्वत्र चालते असे अभिमानाने लिहिले आहे. त्याच लेखनात ‘कल्लियाना’ येथील बिशपचाही उल्लेख आहे, आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. (टाऊन हॉल संग्रहालयातील, ब्रह्मपुरीला सापडलेली पॉसायडनची देखणी कांस्यमूर्ती जरूर पाहावी, पण ती या काळाच्या कितीतरी आधीची, जुन्या रोमन व्यापाराची खूण आहे, दोन्हींची गल्लत करू नये.)

नाण्याचा इतिहास वाचण्यापूर्वी गुजरीत एखाद्या जुन्या सराफाला कसोटीचा दगड दाखवण्याची विनंती करावी. काळ्या दगडावर सोने घासले की पिवळी रेघ उमटते, शेजारी माहितीच्या कसाची दुसरी रेघ ओढतात आणि त्यावर आम्लाचा थेंब सोडतात. हलक्या सोन्याची रेघ डोळ्यांदेखत फिकी होत जाते. सॉलिडसची रेघ तब्बल सातशे वर्षे जवळजवळ तशीच राहिली. वर सांगितलेल्या सगळ्या आपत्ती त्यात आल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या राज्याच्या महसूल यंत्रणेची ताकद कळते.

१०२५ चा कागद सम्राट दुसऱ्या बेसिलच्या मृत्यूचा. बल्गेरिया १०१८ मध्ये पुन्हा अंकित झाला होता, ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमीरने बाप्तिस्मा घेतल्याने रशियाकडे ख्रिस्ती धर्माचा मार्ग मोकळा झाला होता आणि खजिना भरलेला होता. इथे जमिनीचा धागा पकडावा. ९२७-२८ च्या भीषण हिवाळ्यात आणि दुष्काळात लहान शेतकऱ्यांनी कवडीमोलाने जमिनी विकल्या. त्या परत मिळवून देण्यासाठी सम्राट रोमानोस लेकापेनोसने ९३४ मध्ये कायदा केला आणि बेसिलने ९९६ मध्ये तो आणखी कडक केला. त्याच्यानंतर हा आग्रह ढिला पडला, बड्या जमीनदारांचे फावले आणि ज्या सैनिकांच्या जमिनीवर संरक्षण उभे होते तेच दुबळे झाले.

बहुतेक वाचक ऱ्हासाची सुरुवात १०७१ मधील मांझिकर्टच्या लढाईपासून धरतात, कारण तिथे सम्राट चौथा रोमानोस सेल्जुक तुर्कांच्या सुलतान अल्प अर्सलानच्या हाती सापडला. नाणे मात्र त्याच्या तीस वर्षे आधीच बोलू लागलेले असते. सम्राट चौथ्या मायकेलच्या काळात, १०३४ ते १०४१ दरम्यान, सोन्यात हीण मिसळणे सुरू झाले आणि १०८० च्या दशकात नाण्यात सोने नावापुरतेच उरले. आरंभीच्या हिणामागे वाढत्या व्यापाराला चलन पुरवण्याची गरज होती असे काही अभ्यासक मानतात, आणि ते म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. पण शेवटच्या दशकांतील घसरगुंडीचा तसा खुलासा होत नाही. सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसने १०९२ मध्ये साडेवीस कॅरेटचे नवे नाणे काढून घडी बसवली. मात्र त्यानेच १०८२ मध्ये आरमारी मदतीच्या बदल्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकातमाफी दिली होती. माझ्या मते मांझिकर्टइतकेच महत्त्व या सनदेला द्यायला हवे.

११४३ च्या कागदावर आनातोलियाचे किनारे परत आलेले दिसतात, पठार येत नाही. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या ख्रिस्ती सैन्यानेच शहर लुटले. १२६१ मध्ये ते परत मिळाले तरी १२८५ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून आरमार मोडीत काढण्यात आले. चौदाव्या शतकाच्या मध्यावर समोरच्या गलाटा वसाहतीत जिनोआचे व्यापारी वर्षाला दोन लाख नाणी जकात गोळा करत आणि सम्राटाच्या वाट्याला जेमतेम तीस हजार येत, अशी नोंद त्या काळचा इतिहासकार निकेफोरोस ग्रेगोरासने केली आहे.

त्याच ग्रेगोरासने १३४७ च्या राज्याभिषेकाचे वर्णन लिहिले आहे आणि ते सावकाश वाचावे. राजमुकुटाची रत्ने चार वर्षांपूर्वी ३०,००० डुकाटांसाठी (व्हेनिसची सोन्याची नाणी) व्हेनिसकडे गहाण पडली होती, ती कधीच सुटली नाहीत. हागिया सोफियाचा घुमट आदल्या वर्षी ढासळला होता, म्हणून विधी दुसऱ्या चर्चमध्ये झाला. मुकुटात रंगीत काच बसवली होती आणि मेजवानीची ताटे कथलाची व मातीची होती. त्याच वर्षी प्लेग आला, आणि थोड्याच काळात सोन्याचे नाणे पाडणे थांबले ते कायमचे.

यानंतर १४५० चा कागद काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत: शहर, त्याभोवतीची थोडी जमीन, काही बेटे आणि ग्रीसच्या दक्षिणेचा एक भाग. ओर्बान नावाच्या तोफा ओतणाऱ्या कारागिराने आपली सेवा आधी अकराव्या कॉन्स्टंटाईनला देऊ केली होती; त्याचा मेहनताना देणे सम्राटाला झेपले नाही, म्हणून तो ऑटोमन तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदकडे गेला. तटावर सुमारे सात हजार माणसे होती. ५३ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ मे १४५३ रोजी शहर पडले आणि सम्राट लढताना मारला गेला. या कागदावर काळ्या समुद्राच्या काठी ट्रेबिझाँड असा आणखी एक ठिपका द्यावा. १२०४ च्या धामधुमीत वेगळे झालेले ते छोटे ग्रीक राज्य १४६१ पर्यंत टिकून होते.