जुन्या गिरणीच्या नोंदींतील वेळ कशी वाचावी

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधल्या गिरणीची नोंदवही वाचताना, तीत लिहिलेले सहा हे नेमके कोणत्या घड्याळाचे सहा, हे आधी ठरवावे. मॅकल्सफील्डच्या एका रेशीम गिरणीतील घड्याळाला दोन तबकड्या होत्या. एक नेहमीची वेळ दाखवी, तर दुसरी पाणचक्कीशी जोडलेली असल्याने चाक मंदावले की तिचे काटेही मंदावत आणि बुडालेला वेळ कामगारांना भरून द्यावा लागे. १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांसाठी सार्वजनिक घड्याळ प्रमाण मानले (पाळले किती, हा प्रश्न निराळा). मग गाव पाहावे: ब्रिस्टलची स्थानिक वेळ लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे असे आणि ब्रिटनभर एकच कायदेशीर वेळ १८८० मध्ये आली, म्हणून त्याआधीची नोंद रेल्वेच्या वेळापत्रकाशी ताडताना हा फरक जमेस धरावा.